ओ यायला लागणारा वेळ

मोकलांनी तुम्हाला काहीही विचारलं की ते ताबडतोब मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. तुमच्याकडे नाही.

"जेवलात का, म्हात्रे मॅडम?" असं विचारतात आणि नजर घड्याळावर. मी तोंडातला घास गिळून हो म्हणेपर्यंत ते मान हलवतात आणि म्हणतात, "पोचलं. पण उशीर झाला." आमचा शिपाई काहीच न बोलता पुढे निघून गेला तर म्हणतात, "हरवलं." आमच्या मॅनेजरांबद्दल, म्हणजे देसाई साहेबांबद्दल, त्यांचं मत असं की तिकडून ओ येते, पण ती आपण मारलेल्या हाकेला आलेली नसते.

सुरुवातीला मला याचा राग यायचा. नंतर राग धरायचाही कंटाळा आला. माझं कामच असं आहे की संध्याकाळपर्यंत कशाचंच काही वाटेनासं होतं.

आमचं ऑफिस उरणला, बंदरापासून थोडं आत. कंटेनर ठेवायचं यार्ड आहे. ज्यांचा माल असतो त्यांचे एजंट आपापल्या ऑफिसातून आमची साईट उघडतात, तिथून गेटपास काढतात आणि ट्रक पाठवतात. साईट उघडली नाही की त्यांचा ट्रक रस्त्यात उभा राहतो आणि ते मला फोन करतात. तक्रार ऐकायची, सॉरी म्हणायचं आणि पुढचा फोन घ्यायचा, ही माझी नोकरी. घरी मुलगी काही सांगायला लागली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत."

रमाकांत मोकल हे आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभागात दुसरं कोणी नाही. बसतात सर्व्हर ठेवलेल्या खोलीत. तिथे एसी बारा महिने चालू, म्हणून सगळे तिला थंड खोली म्हणतात. मोकल तिथे चॉकलेटी रंगाचा हातविणीचा स्वेटर घालून असतात आणि तोच घालून भर मे महिन्यात कॅन्टीनला येतात. अंगाने किडकिडीत, निवृत्तीला दोन-एक वर्षं उरलेली, लग्न राहून गेलेलं. उरणातच एका खोलीत भाड्याने राहतात. फोन वाजला की पहिल्या रिंगला उचलतात. दुसरी रिंग मी कधी ऐकली नाही.

मध्यंतरी तक्रारी फार वाढल्या. दुपार झाली की साईट लोंबकळायची. गंमत अशी की आमच्या ऑफिसात बसून बघावं तर ती चटकन उघडायची. देसाई साहेब स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, कुठे काय आहे? एजंट लोकांना सवय आहे."

मोकल मागे उभे राहून म्हणायचे, "आतून दार ठोठावून काय कळणार?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं म्हणणं असं की बाहेरून येणाऱ्याला किती वेळ लागतो ते बाहेर उभं राहूनच कळतं. त्यासाठी एक मशीन यार्डापासून लांब, साध्या घरातल्या साध्या लाईनवर ठेवायचं. ते मशीन सारखी आमच्या सर्व्हरला हाक मारणार, इथून ओ जाणार, आणि ओ यायला किती वेळ लागला त्याची रेघ मोकलांच्या पडद्यावर उमटत राहणार. रेघ वर गेली की समजायचं, वाटेत कुठेतरी अडलं.

हे देसाई साहेबांना समजावण्यासाठी त्यांनी एकदा वॉचमनला कंटेनरच्या रांगेपलीकडे उभं केलं आणि खिडकीतून हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. तरी नाही. तिसऱ्या हाकेनंतर वॉचमन आमच्या मागच्या दाराने आत आला आणि म्हणाला, साहेब, बोलावलंत का? देसाई साहेबांनी विचारलं की यातून काय सिद्ध झालं. मोकल गंभीरपणे म्हणाले, "रस्ता बदलला."

तेवढ्यात एका बाहेरच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. तुमचा सर्व्हर म्हातारा झालाय, सगळं आमच्याकडे सोपवा, थंड खोलीची गरजच उरणार नाही, असं त्याने गोड आवाजात सांगितलं. देसाई साहेबांना ते पटलं. थंड खोली गेली की मोकलही गेले, हे सगळ्यांना कळत होतं. साहेबांनी त्यांना महिन्याभराची मुदत दिली आणि अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर दिला. म्हणाले, ठेवा कुठे ठेवायचाय तिथे.

आता जागा शोधायची होती. मी माझं घर देऊ केलं, तर उरण फार जवळ पडतं म्हणाले. आमच्या अकाउंटंटचं घर पेणला. तिथे लाईट फार जाते. शिपायाचा मावसभाऊ अलिबागला, तर त्याची लाईन ज्या कंपनीची ती नको. प्रत्येक घराला मोकलांकडे कारण तयार होतं, आणि कारण असं की आमच्यापैकी कुणाला त्यावर वाद घालता येऊ नये. शेवटी एका दुपारी माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, तुमचं माहेर मुरुडला ना? मुरुडच्या अलीकडे एक घर आहे. रस्त्याला लागूनच. लाईन चांगली आहे. शनिवारी जाता जाता ठेवाल का?

मी विचारलं, घर कुणाचं.

मोकलांनी घड्याळाकडे बघितलं. माझ्या प्रश्नाला त्यांचंच उत्तर उशिरा आलं. "ओळखीचे आहेत."

शनिवारी तो कॉम्प्युटर त्यांनी करंजाच्या धक्क्यावर आणून दिला. स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. मी बघतच राहिले, तर म्हणाले की थंडी वाजेल म्हणून नाही, हादरे बसतील म्हणून. मग लाँचमधून रेवस, तिथून अलिबाग, तिथून मुरुडची एसटी. कंडक्टरने त्याचं सामानाचं तिकीट फाडलं. शेजारी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बसलेल्या बाईने विचारलं की आत काय आहे. मी म्हटलं मशीन आहे, हाक मारायचं. तिने पाटी थोडी पलीकडे सरकवली.

नारळीपोफळीच्या वाडीत कौलारू घर होतं. बाजूला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन नव्या खोल्या. फाटकावर पाटी होती आणि पाटीवर मोकल हे आडनाव. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

अंगणात एक साठी उलटलेले गृहस्थ सुपाऱ्या सोलत बसले होते. किडकिडीत, तेच नाक. कुणाकडून आलात म्हणून विचारलं. मोकल साहेबांनी पाठवलंय म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. उठून आत गेले आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन आले. त्यांची बायको बाहेर आली. तिने माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं आणि स्वेटरची बाही चिमटीत धरून म्हणाली, "हा मी इनलेला हाय."

हे जयवंत मोकल, आमच्या मोकलांचे थोरले भाऊ. बायकोला सगळे वहिनीच म्हणत असावेत, मीही म्हणायला लागले.

मशीन मांडून मी मोकलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पुढचा अर्धा-पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही.

"मॅडम," फोनमधून मोकल म्हणाले, "घरात जे कोण असतील त्यांना विचारा, राउटर कुठे आहे."

जयवंतराव माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. "तुमच्या साहेबांना सांगा, देव्हाऱ्याच्या खाली हाय."

"त्यांना सांगा, पिवळी वायर राउटरला लावा."

"साहेबांना सांगा, पिवळी न्हाय, निळी हाय."

"त्यांना सांगा, निळी चालेल."

दोघांना दोघांचं स्वच्छ ऐकू येत होतं. मी दोन-तीनदा निरोप दिले, मग मला वाटलं, कशाला, म्हणून गप्प बसले. तर दोन्हीकडे शांतता. जयवंतराव वायर हातात धरून माझ्याकडे बघत उभे, आणि फोनमध्ये थंड खोलीतल्या एसीची घरघर. मी निमूटपणे म्हटलं, "ते म्हणतायत निळी चालेल." तेव्हा जयवंतरावांनी वायर लावली. एकदा कंटाळून मी डावीकडच्या ऐवजी उजवीकडचं बटण सांगितलं, तर दोघं एकदम म्हणाले, "डावीकडचं." तेवढंच काय ते एकमेकांशी बोलले.

वीस वर्षं दोन बाजूंच्या मधे बसून निरोप पोचवायची मला सवय आहे. पण इतकं थकायला मला यार्डातही झालं नव्हतं.

शेवटी पडद्यावर एकामागून एक ओळी पडायला लागल्या. जयवंतराव वाकून बघायला लागले. हे काय म्हणून त्यांनी विचारलं, आणि या वेळी मलाच विचारलं. मी सांगितलं, इथून उरणला हाक जाते, तिथून ओ येते. ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले.

"दर वेळेला येते?"

"दर वेळेला."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा सुपाऱ्यांकडे गेले.

वहिनी मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत मी काही न विचारताच त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी सासू गेली. दुपारचं गेली. रमाकांतभावजींना फोन लावत होते, पण ते त्या मशीनच्या खोलीत, तिथे तेव्हा रेंज नव्हती. ऑफिसच्या फोनवर निरोप ठेवला, तो त्यांना संध्याकाळी मिळाला. गावचे लोक म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकायला हवं. उरकलं. भावजी आले तेव्हा सगळं विझलेलं. सगळ्यांच्या देखत ते भावाला म्हणाले, तासभर थांबला असतास तर काय झालं असतं. आणि हे म्हणाले, तुझी वाट बघण्यातच तिची सगळी जिंदगी गेली.

"तेव्हापासून हे असंच हाय, बाय," वहिनी म्हणाल्या. "दोघांचंबी खोटं न्हाय. म्हणून तर मिटत न्हाय."

मशीनने काम चोख केलं. आठवड्याभरात मोकल देसाई साहेबांना पडद्यासमोर घेऊन आले. रोज दुपारी रेघ उंच जायची आणि संध्याकाळी खाली यायची. सर्व्हर बिचारा लगेच ओ देत होता. हाकच आमच्या गेटपाशी अडत होती. कारण साहेबांच्याच आज्ञेने गेटवरच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र दुपारी मुंबईच्या ऑफिसला जायचं, त्याच लाईनवरून. तेच इतकं जड होतं की बाकी कुणाला वाट मिळत नव्हती. मोकलांनी हे कुणाचंही नाव न घेता सांगितलं. साहेब चष्मा पुसत राहिले. चित्र पाठवायची वेळ रात्रीची केली. तक्रारी कमी झाल्या, बाहेरच्या कंपनीचा माणूस येईनासा झाला, आणि माझ्या फोनवर लोक आता दुसऱ्या गोष्टींसाठी ओरडायला लागले.

काम झालं, तेव्हा देसाई साहेबांनी मुरुडचं मशीन परत मागवलं. मोकलांनी इतकी कारणं दिली की साहेबांनी हात जोडले आणि असू दे म्हणाले.

एकदा कसल्याशा सहीसाठी मी थंड खोलीत गेले. दुपारची वेळ होती. मोकल डबा खात होते आणि समोरच्या पडद्यावर ती एकच रेघ चालली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज घरात पाहुणे दिसतायत. रेघ जाडसर आहे. सगळे मोबाईल घेऊन बसले असतील." मी उभीच राहिले. मग म्हणाले की सकाळी थोडा वेळ बंद होती, म्हणजे लाईट गेली असणार, पाण्याचा पंप चालला नसेल, म्हणजे पोफळींना पाणी उशिरा. हे सगळं त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, आणि एरवी माणूस घरून फोन आल्यावर जसं बोलतो तसं सांगितलं. मी सही घेतली आणि आले. ऑफिसात कुणाला बोलले नाही.

मग एका शुक्रवारी ती रेघ थांबली.

मोकल माझ्या टेबलाशी आले. घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणाले, तुमच्या माहेरी फोन करून बघता का, तिकडे लाईट आहे का. मी आईला फोन लावला. लाईट होती, मिक्सर चालू होता. मग म्हणाले, त्यांच्याकडे लावून बघता का. नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. मी लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मी म्हटलं, वाडीत असतील. ते म्हणाले, दोघंही? संध्याकाळपर्यंत ते चार वेळा येऊन गेले, आणि शेवटच्या वेळी नुसतेच उभे राहिले.

"उद्या मी जाणारच आहे," मी म्हटलं. "तुम्हीपण चला."

"मशीन बघायला हवंच," ते म्हणाले.

शनिवारी लाँचमध्ये ते माझ्यासमोर बसले होते. स्वेटर नव्हता. त्याशिवाय ते एखाद्या लहानशा माणसासारखे दिसत होते. अलिबागला गाडी लागायला वेळ होता, तर चहा घेऊ म्हटलं, नको म्हणाले. मुरुडच्या गाडीत मात्र एकदम म्हणाले, "दादाला बीपी आहे. गोळ्या घेत नसणार." दादा हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

फाटकापाशी ते थांबले. मीच आत शिरले. अंगणात जयवंतराव सुपाऱ्या सोलत होते. धडधाकट. त्यांनी मान वर केली, माझ्या मागे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. मोकल कुणाकडे न बघता सरळ आत गेले, मशीनपाशी.

मशीनची पिन काढून, वायर नीट गुंडाळून वर ठेवली होती.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी काढली. फोनबी मीच उचलला न्हाय. इतके दिवस मशीन हाक मारतंय, मी म्हटलं माणूस कधी येतोय बघू."

मोकलांनी वाकून पिन लावली. मशीन सुरू झालं. ते स्टुलावर बसून पडद्याकडे बघायला लागले, पाठ दाराकडे. बाहेर अंगणात जयवंतरावांची पाठ दाराकडे. मधे उंबऱ्यावर मी, हातात माझी पिशवी. आईसाठी औषधं घ्यायची होती, तिचे पाय सुजले होते.

थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला, "ताई, तुमच्या साहेबांना विचारा, चहा घेणार का."

मोकलांनी मान अर्धी वळवली आणि माझ्याकडे बघितलं. निरोपाची वाट बघत.

मला त्या क्षणी फार दमल्यासारखं झालं. आयुष्यभराच्या सगळ्या फोनचं ओझं एकदम आल्यासारखं. मी म्हटलं, "मी आज सुट्टीवर आहे. तुमचं तुम्ही विचारा." आणि बाहेर पडले. वहिनी हसू दाबत माझ्यामागून आल्या.

थांब्यावर बसलो तर वाडी तिथून सगळी दिसत होती, आवाजही ऐकू येत होते. बराच वेळ काही घडलं नाही. मग जयवंतराव उठलेले दिसले. आत न जाता ते घराच्या मागे गेले, फणसाकडे. हात वर करून फांदीवरून काहीतरी सोडवलं. तोंडाला फडकं बांधलेला लहान तांब्या होता.

मी वहिनींकडे बघितलं.

"दहाव्याला सासूच्या अस्थी थोड्याच सोडल्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्या यांनी ठेवल्या. सगळं गाव बोललं. भटजी दोनदा येऊन गेले. यांनी ऐकलं न्हाय. आगीला थांबता आलं न्हाय, तर निदान पाण्यात सोडायला तरी भावासाठी थांबतो, म्हणाले. भावजींना हे सांगायची आम्हाला बंदी."

जयवंतराव तांब्या घेऊन दारासमोर उभे राहिले. आत गेले नाहीत.

"रम्या," त्यांनी हाक मारली. "भरती उतरायच्या आत जाऊ."

मोकल दारात आले. त्यांनी तांब्या बघितला. बघताक्षणी त्यांना कळलं असावं, कारण ते तिथेच उंबऱ्यावर खाली बसले, दोन्ही हातांनी चौकट धरून. जयवंतराव वाट बघत उभे राहिले. घाई केली नाही. मग एका हातात तांब्या धरून दुसरा हात त्यांनी भावाच्या काखेत घातला आणि त्याला उठवलं.

पोफळींमधून समुद्राकडे जायची वाट अरुंद आहे, दोघांना बरोबर चालता येत नाही. थोरला पुढे, धाकटा मागे असे गेले. धाकट्याने पायातले बूट दारातच काढले होते, मोजे मात्र तसेच राहिले होते.

माझी एसटी आली. वहिनी म्हणाल्या, जा बाय, आई वाट बघत असेल. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. मी त्याला हाताने जायला सांगितलं आणि पुन्हा कट्ट्यावर बसले.